शिवेपार

नीलाबाईला वेडी म्हणायचं हिवरवाडीत कुणी बाकी राहिलं नव्हतं. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती, कारण बाई बोलायला लागली की समोरच्याच्या सात पिढ्यांची धुणी बांधावर वाळत घालायची. म्हणून पाठीमागं म्हणायचे. आणि का म्हणू नये हो? लातूरजवळच्या मुरुडपासून घटकाभराच्या वाटेवर ओढ्याकाठची काळी कसदार जमीन, विहिरीला बारमाही पाणी, आणि ही बाई तिच्यात सोयाबीन टाकायचं सोडून बोरी-हिवर लावते, तरवड वाढवते, कंबरेएवढं गवत उभं राखते! ज्या काट्याकुट्यांना सासऱ्यानं कुदळीनं खणून हद्दपार केलं, त्यांची सुनेनं पिशव्यांत रोपं केली आणि लेकरागत पाणी घालून परत आणली.

शेजारच्या रानातला पंढरी बांधावर उभा राहून चिडवायचा, "अक्का, तुमच्या सासऱ्याच्या बोरी तोडायला आमचा बाप आला होता. आता लावायला मी येऊ का?"

"ये की. तुला काट्याची सवय हाय. शिवकांता हाय ना घरात," नीलाबाई म्हणायची. पंढरीची बायको शिवकांता खुरपं हातात घेऊन तिकडं खो खो हसायची, आणि तेवढ्यावर दोन्हीकडची कामं पुन्हा सुरू व्हायची.

या येडेपणाचं मूळ विहिरीत होतं. विरूपाक्षअप्पा, म्हणजे नीलाबाईचा नवरा, गेला त्याला महिनाही झाला नव्हता. एका सकाळी कुत्री मागं लागलेली एक हरणी कापणी झालेल्या रानातून ऊर फुटेस्तोवर पळत आली. लपायला झुडूप नाही, थांबायला आडोसा नाही. तिनं नीलाबाईच्या बांधावरून उडी मारली ती थेट विहिरीत, कारण विहिरीला कठडा नव्हता. गाव जमलं. निम्मं गाव मोबाईल धरून उभं. कुणी म्हणे दोर आणा, कुणी म्हणे बाज सोडा, कुणी म्हणे वनखात्याला फोन करा. हरणी पाण्यात गोल गोल पोहत राहिली. बाज बांधून खाली सोडेपर्यंत तिचे पाय थांबले. वर काढली तेव्हा पोट टंच होतं, पाडस होतं पोटात. नवऱ्याच्या माघारी चार बायांनी गळ्यात पडून रडवायचा प्रयत्न केला तरी जिच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, ती बाई त्या दिवशी विहिरीच्या काठावर बसून ढसाढसा रडली.

लोक म्हणाले, कठडा बांधा, झालं. तिनं कठडा बांधला. पण तिच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. ती आनंदराजला म्हणाली, "अरे, पण ती चालली कुठं होती?"

आनंदराज हा तिचा दुसऱ्या बाजूचा शेजारी. एसटीत ड्रायव्हर, लातूर डेपोला. बौद्धवाड्यातला, तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि सुट्टीच्या दिवशी पायात स्लिपर घालून रानात भटकण्याचा त्याला भारी नाद. तो म्हणाला, "खाली वनखात्याचं रान हाय, वर माळ हाय. उन्हाळ्यात ते खालून वर जातेत, पाऊस लागला की वरून खाली. मधी आपण बसलोय नांगर घेऊन. आडोसाच न्हाई, तर जाणार कुठून?"

"म्हणजे त्यांना वाट पायजे."

"हाव. वाट पायजे."

एवढंच बोलणं झालं. त्या साली नीलाबाईनं पेरलं नाही. उदगीरला दिलेली लेक सुकन्या फोनवर ओरडली, "आई, लोक हसायलेत!" तर ही म्हणाली, "हसू दे. फुकट करमणूक कुठं मिळते आजकाल?" ओढ्याच्या कडेनं लांबचलांब पट्टा तिनं सोडला. आनंदराजनं आपल्या रानाचा कडेचा तुकडा त्यात घातला. पाच पावसाळे गेले. आधी तितर बोलायला लागले, मग ससे, मग एक खोकड दिसलं. मग एका पहाटे ओल्या मातीत खुरांचे ठसे दिसले, खालून वर गेलेले, कळपाचे. नीलाबाई त्या ठशांपाशी उकिडवी बसली आणि आनंदराजला म्हणाली, "बघ रे, पाहुणे येऊन गेले आणि आपण झोपलो होतो." त्या दिवशी तिनं घरी शेवयाची खीर केली.

एकच नड होती. पट्टा वरच्या माळापर्यंत पोचत नव्हता. मधे पंढरीचं दोन एकराचं टोक आडवं होतं, उघडं, नांगरलेलं. जनावर तिथवर लपतछपत यायचं आणि तिथं त्याला जीव मुठीत धरून पळावं लागायचं. पंढरीची कुत्री तिथंच टपून असायची. ते टोक पंढरीनं पडीक सोडलं की वाट पुरी. नीलाबाईनं त्याला गोडीनं सांगितलं, रागानं सांगितलं, बदल्यात दुसरीकडची जमीन देते म्हणून सांगितलं. पंढरी ढिम्म. नुसती मान हलवायचा आणि म्हणायचा, "बघू."

आणि मग या मार्गशीर्षात लांडगी आली.

आनंदराजला आधी दिसली. ओढ्याच्या दरडीत, बोरीच्या जाळीखाली साळिंदराचं जुनं बीळ होतं, ते तिनं उकरून मोठं केलं होतं. आठवड्यानं तो नीलाबाईला घेऊन गेला. दोघं लांबून, दगडाआड बसले. दिवस वर आला तशी बिळाच्या तोंडाशी पिल्लं बाहेर आली, काळपट, कान दुमडलेली, एकमेकांच्या अंगावर पडणारी. आई जरा वर बसली होती, ऊन खात. नीलाबाईनं तोंडावर पदर धरला.

"हिनं हितं वीण घातली, आनंदा," ती शेवटी म्हणाली. "हिला हितं भ्याव वाटलं न्हाई."

"अक्का, कुणाला बोलायचं न्हाई. शेरडं हायत गावात. कळलं तर बिळात धूर घालतील."

"मी कशाला बोलू! जीभ कापून ठेवते."

आणि खरंच नाही बोलली.

त्यातच पंढरी एका सकाळी स्वतःहून तिच्या ओसरीवर आला. चहा पिऊन झाला तरी उठेना. मग म्हणाला, "अक्का, मी ते टोक सोडतो. पण एक अट हाय. तुमच्या रानात यंदा येळवस झाली पायजे."

आता आमच्या भागात येळवस म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. दिवाळी-दसऱ्याला पोरं पुण्या-मुंबईत राहतील, पण वेळ अमावस्येला गाव गाठणारच. त्या दिवशी घराला कुलूप आणि अख्खं गाव रानात. कडब्याच्या पेंड्यांची कोपी उभी करायची, तिच्यात पाच पांडवांचे चुन्यानं रंगवलेले दगड मांडायचे, काळ्या आईला निवद दाखवायचा आणि मग ज्याला त्याला हात धरून पंगतीला बसवायचं. ज्या रानात कोपी नाही, ते रान उपाशी. नीलाबाईच्या रानात पाच वर्षं कोपी नव्हती, कारण पीकच नव्हतं. बायाबापड्या कुजबुजायच्या की तिनं लक्ष्मी उपाशी ठेवली, म्हणून आजूबाजूला तुरीला शेंगा कमी लागतात.

"उपाशी जमिनीच्या शेजारी मी माझी जमीन पडीक टाकायची म्हणजे मला घाबरल्यासारखं होतंय," पंढरी म्हणाला. खोटं काय बोलायचं, माणूस प्रामाणिक होता. "एकदा तुम्ही तिला जेवू घाला, गावाला जेवू घाला. मग माझं टोक तुमचं."

नीलाबाईला वाटलं, देवच बोलला याच्या तोंडून. हरखून गेली बाई. फक्त एक गोष्ट तिनं दहादा बजावली. "पेंडी न्हाई हं पंढरी. माझं गवत वाळून कोळ झालंय."

कारण येळवशीला दिवे लागायच्या वेळी कडब्याची पेंडी पेटवून ती आपापल्या पिकाभोवती पळत फिरवायची रीत आहे. आणि हिवरवाडीची आणखी एक खोड आहे. फेरी पुरी झाली की पेंडीचं जळतं बुड गरगर फिरवून शिवेपार भिरकावायचं. रोगराई, कीड, नजर, सगळं शिवेपलीकडं. बुड जितकं लांब जाईल तितकं साल चांगलं, म्हणून बघणारे ओरडतात, "लांब! लांब!" पलीकडं कुणाचं तरी ओलं हरभऱ्याचं नाहीतर नांगरलेलं रान असतं. बुड तिथं पडतं, धुमसतं आणि विझतं. बापजाद्यांपासून कुणाचं वाळलेलं चिपाडसुद्धा त्यानं जळालं नव्हतं.

पंढरीनं कानाच्या पाळीला हात लावला. "तुमच्या रानात पेंडी घेऊन कुणी पाऊल टाकणार न्हाई. माझी जबान."

त्यानं घरोघर सांगितलं आणि सगळ्यांनी मान्य केलं. आनंदराजनं रजा टाकून कोपीच्या भोवतालचं गवत कापलं, पाण्याची दोन पिंपं भरून ठेवली, चुलीची जागा खणून खोल केली. बीळ कोपीपासून पार लांब होतं, मधे ओढ्याचं वळण होतं. लोक तिकडं जाऊ नयेत म्हणून त्यानं वाटेवर काट्या टाकल्या. शिवेच्या आतलं सगळं दोघांनी चारचारदा तपासलं.

आणि काय ती येळवस झाली म्हणता! पालेभाज्या-शेंगांच्या घट्ट भज्जीची पातेली, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या, माठभर आंबील. नीलाबाईनं डोक्यावर घोंगडी घेऊन "ओलगे, ओलगे" म्हणत आंबील शिंपडली, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या नागम्मानं डोळे पुसले. आनंदराज पहिल्याच पंगतीला मांडी ठोकून बसला होता. कुणीतरी म्हणालं, "का रे आनंदराज, तुम्हाला तर पूजा चालत न्हाई." तो म्हणाला, "पूजा न्हाई चालत. भज्जीनं माझं काय वाकडं केलंय?" हशा पिकला. शिवकांतानं नीलाबाईला ओढून आपल्या ताटात जेवायला बसवलं आणि म्हणाली, "अक्का, किती साल झाले तुमच्या हातची भज्जी खाऊन. उगं आपलं तोंड फिरवून बसलो होतो आपण." पाच वर्षं ती या शिवारात एकटी होती, हे तिला स्वतःला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

ऊन कलल्यावर पंढरीनं सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्यापासून माझं टोक अक्काच्या जनावराला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, "जनावराला सातबारा कर आता!" मग जो तो आपापल्या रानाकडं गेला, पेंडीची वेळ झाली म्हणून.

कोपीपाशी नीलाबाई आणि आनंदराज, दोघंच राहिले. चुलीवर दूध उतू घालवायला ठेवलं होतं. अवसेचा अंधार हळूहळू भरत होता. आणि मग चारी बाजूंनी पेंड्या पेटल्या. एक इकडं, एक तिकडं, हरभऱ्याच्या कडेनं, ज्वारीच्या आडून, पोरांचा ओरडा, बायकांचं हसू. नीलाबाई उभी राहिली. लग्न होऊन आली त्या पहिल्या येळवशीला विरूपाक्षअप्पा असाच पेटती पेंडी घेऊन धावला होता आणि ती नव्या लुगड्यात कोपीच्या तोंडाशी उभी राहून ओरडली होती. तिला ते आठवलं. तिला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू! शेजारी परत मिळाले होते, वाट पुरी झाली होती, तिकडं वळणापलीकडं पिल्लं बिळात होती.

पंढरी आपल्या रानाची फेरी पुरी करून धापा टाकत धुऱ्यावर, शिवेच्या बांधावर, आला. सुटलेलं पोट, धोतराचा काचा मारलेला. त्यानं पेंडीचं बुड डोक्याभोवती गरगर फिरवलं.

"लांब, पंढरी!" नीलाबाई ओरडली. "लांब जाऊ दे!"

तिचा आवाज पंढरीनं ओळखला. अक्का खुश आहे म्हटल्यावर त्याला हुरूप आला आणि त्यानं अंगातली होती नव्हती ती ताकद लावली. बुड उंच गेलं, ठिणग्या सांडत. आनंदराजनं मान वळवून नीलाबाईकडं बघितलं. ती अजून हसत होती, हात वर करून.

पंढरीच्या शिवेपार काय होतं? नीलाबाईचं रान. आनंदराजच्या शिवेपार काय? तेच. ओढ्याच्या दोन्ही अंगांनी जितकी रानं होती, त्या सगळ्यांच्या शिवेपार एकच चिंचोळा पट्टा होता. बुडं आणखीही कुठून कुठून येऊन पडत होती. कुणीही तिच्या रानात पेंडी घेऊन पाऊल टाकलं नव्हतं. शब्द सगळ्यांनी पाळला होता.

गवतानं आधी नुसता आवाज केला. मग पेटलं.

"अगं माय माय माय!" नीलाबाई पळाली. पिंपं कोपीपाशी आणि आग ओढ्यापाशी. आनंदराज घागर घेऊन धावला, एक घागर त्या आगीला काय पुरणार? विहिरीची मोटार चालू करावी तर शिवारात लाईट नव्हती, त्या आठवड्यात पाळी मध्यरात्रीनंतरची. पंढरी सगळ्यांच्या आधी धुरा ओलांडून आत शिरला आणि अंगावरची घोंगडी आगीवर आपटायला लागला. माणसं धावली, बाया धावल्या. तरवडाच्या फांद्या तोडून बडवू लागली, फवारणीचे पंप पाठीवर घेऊन आली. कुणी मागं राहिलं नाही, हे सांगायला पाहिजे. पण वाट सलग होती. मधे कुठं तुटू नये म्हणून बाईनं पाच वर्षं जीव काढला होता, एकेक मोकळी जागा हेरून तिथं गवत लावलं होतं. जनावरांसाठी केलेली वाट आगीला मिळाली आणि आग वाऱ्याबरोबर ओढ्याच्या वळणाकडं गेली.

"तिकडं!" नीलाबाई बोंबलत होती. "अरे तिकडं अडवा, बोरीकडं!"

"अक्का, तिकडं कुणाचं पीक न्हाई, तिकडं कशाला?" कुणीतरी ओरडलं. लोक आपली ज्वारी वाचवायला बांधावर उभे होते, आणि त्यांचंही काय चुकलं? त्यांना काही माहीतच नव्हतं. नीलाबाई एकटीच वळणाकडं निघाली. आनंदराजनं तिला पाठीमागून कवळा घालून धरलं. तिनं त्याला बोचकारलं, शिव्या दिल्या. तो सोडेना. वळणापलीकडं उजेड उठला तेव्हा ती त्याच्या हातात गपकन ढिली पडली.

सकाळी पट्टा खालच्या रानापासून पंढरीच्या धुऱ्यापर्यंत काळा झाला होता. बोरींचे कोळसे उभे होते, हिवराच्या नुसत्या काड्या. गाव कुणी न बोलावता पुन्हा आलं होतं. पंढरीच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. त्याला कुणी काही बोललं नव्हतं, आणि तोही कुणाकडं बघत नव्हता.

नीलाबाई आणि आनंदराज वळणावर गेले. राख अजून कोमट होती. दगडाआड आले आणि थांबले.

लांडगी तिथं होती. सांजच्याला शिकारीला बाहेर पडली असेल. बिळाच्या तोंडाशी उभी राहून ती पायांनी राख उकरत होती, आत अर्धी शिरत होती, परत बाहेर येत होती. मग ती आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तोंडात एक पिल्लू होतं. मान धरलेली, बाकीचं अंग लोंबतं. तिनं ते राखेत ठेवलं. चाटलं. नाकानं ढकललं. पुन्हा चाटलं. मग पुन्हा मानेला धरून उचललं आणि चालायला लागली.

ती वर माळाकडं निघाली. पाच वर्षांत नीलाबाईनं ठसे बघितले होते, लेंड्या बघितल्या होत्या, केस अडकलेले काटे बघितले होते. पण एखादं जनावर या वाटेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाताना तिला कधी दिसलं नव्हतं, कारण वाटच तशी होती, दिसू नये अशी. आता सगळं उघडं होतं. काळ्या राखेवरून लांडगी भर दिवसा चालली होती आणि दोन्ही बांधांवर गाव उभं होतं. कुणी दगड उचलला नाही, कुणी मोबाईल काढला नाही. पंढरीच्या टोकापाशी ती क्षणभर थांबली. पंढरीनं भाजलेल्या हातांनी कुत्र्याची मान दाबून धरली होती. लांडगी त्याच्यापुढून नांगरलेल्या ढेकळांतून गेली, माळ चढली आणि दिसेनाशी झाली.

ती उरलेल्या पिल्लांसाठी परत आली नाही. दुपारी आनंदराज बिळात डोकावला आणि फावड्यानं माती लोटायला लागला. नीलाबाई बाजूला उभी होती. एकदाच म्हणाली, "दगड ठेव वर. कुत्री उकरतील."

पंढरी कोपीपाशी बसून राहिला होता. कोपी तेवढी वाचली होती. नीलाबाई आली तसा तो उठला. "अक्का, सांगायचं तरी होतं की ती हितं व्यालीय म्हणून."

"सांगितलं असतं तर?"

पंढरी घाईघाईनं बोलायला लागला, डोळ्यांतून पाणी गळत होतं. म्हणाला, टोक तर सोडलंच, ओढ्याकडची सगळी पट्टी सोडतो. बाकीचेही सोडायला तयार आहेत, सकाळीच बोललो आम्ही. पुढच्या येळवशीला शिवारात कुणी पेंडी पेटवणार नाही, गावानं शपथ घेतलीय. शिवकांतानं मागून मान हलवली. जे मागून मागून नीलाबाईचा घसा कोरडा पडला होता, ते आज तिच्या पदरात आपणहून पडत होतं, आणि वर आणखीही.

"घ्या अक्का," आनंदराज हळूच म्हणाला. "मी बघितलं. गवताची मुळं जित्ती हायत. बोरी बुडातून फुटतील. दोन पावसाळ्यात होतं तसं होतंय. ती परत येईल."

नीलाबाई चुलीपाशी बसली. उतू गेलेलं दूध दगडावर करपून काळं झालं होतं. ती ते नखानं खरवडत राहिली.

"पंढरी, लांब फेक म्हणून कुणी सांगितलं तुला?"

पंढरी हातांवरची फडकी चाचपत राहिला.

"सांग की. सगळ्यांनी ऐकलंय."

"अक्का, तसं नगा म्हणू. सणाचा दिवस. सवयीनं निघतंय तोंडातून."

"तेच म्हणते मी. गावात दोघांनाच माहीत होतं तिथं पिल्लं हायत म्हणून. त्यातली मी एक. आणि मी ओरडले. तू काय शपथ घेतोस? मी जीभ कापून ठेवीन म्हणाले होते." तिचा आवाज चढला नाही, हेच सगळ्यांना भयंकर वाटलं. "ती काय आपणहून आली होती का? मी झाडं लावली, मी गवत राखलं, मी तिला म्हणाले ये बाई, हितं भ्याव न्हाई. मी बोलावलं तिला. आता परत बोलावू?"

"मग जनावरं उघड्यावरनं जातील, अक्का," आनंदराज म्हणाला. "परत विहिरीत पडतील."

"पडतील. पण मी बोलावलेली नसतील."

आनंदराज उठून ओढ्याकडं तोंड करून उभा राहिला. नीलाबाईनं पदरानं हात पुसले आणि पंढरीकडं बघितलं.

"उद्या ट्रॅक्टरला नांगर लावून ये. तुझ्या धुऱ्यापासून सुरू कर, पार खालपर्यंत."

"अक्का..."

"आणि खोल लाव," ती म्हणाली. "मुळं जित्ती हायत म्हणतोय तो."